हरिहररावांनी तपासलेले ट्रेडिंग क्लास

कोणतीही विद्या गुरूशिवाय येत नाही, आणि पिंपरी-चिंचवडमध्ये कोणताही गुरू पार्किंगशिवाय भेटत नाही. यातलं पहिलं वाक्य शास्त्रात आहे, दुसरं अनुभवाने सिद्ध झालेलं आहे. इथे ज्या विद्येचा विचार करायचा आहे ती म्हणजे शेअर बाजारात ट्रेडिंग करण्याची. ती शिकवणाऱ्या क्लासेसच्या बाबतीत आमचा भाग आता स्वयंपूर्ण झाला आहे. निगडीच्या बसस्टँडपासून आमच्या सोसायटीच्या फाटकापर्यंत चालत आलं, तर वाटेत दोन दवाखाने, एक पिठाची गिरणी आणि पाच ट्रेडिंग क्लास लागतात. (गिरणी दिवाळीनंतर बंद झाली. जागा क्लासला दिली आहे. म्हणजे सहा.) दळण आणायला आता लांब जावं लागतं, पण प्रगतीसाठी नागरिकांनी थोडी गैरसोय सोसली पाहिजे.

मी या सोसायटीचा सचिव आहे. सभासदांच्या खाजगी आयुष्यात मी लक्ष घालत नाही, ते आपोआप माझ्याकडे येतं. तसंच हरिहर पांगारकरांचंही आलं.

हरिहरराव चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागाचे प्रमुख. कंपनी गाड्यांचे ब्रेक बनवते. ब्रेकला लागणारे बारीकसारीक भाग छोट्या कारखान्यांकडून येतात. त्या कारखान्यांत जायचं, माल तपासायचा, कागद तपासायचे आणि बहुधा नाकारायचं, हे त्यांचं काम. "कागद दाखवा" हे दोन शब्द त्यांनी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारले असतील तितक्या वेळा भाविक माणूस देवाचं नाव घेत नाही. ही सवय घरीही टिकून आहे. कुकरची नवी रिंग ते व्हर्नियरने मोजून घेतात. भाजीवाली त्यांना लांबून येताना पाहिलं की कोथिंबीर झाकते.

अशा माणसाला ट्रेडर व्हावंसं वाटलं, याला दोन कारणं घडली.

पहिलं कारण जयदीप. जयदीप खांदवे हा त्यांच्याच विभागातला तरुण इंजिनीअर, मूळचा चऱ्होलीकडचा. काल-परवापर्यंत तो कंपनीच्या बसने यायचा. एका सोमवारी तो काळ्या रंगाच्या, उंच, नव्या गाडीतून आला. हरिहररावांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, दोन दारांमधली फट बोटाने तपासली आणि विचारलं, "कर्ज?"

"छ्या! मार्केटनी दिलीय, सर," जयदीप म्हणाला. "नोकरी करून कोण मोठं झालंय का राव?"

दुसरं कारण कंपनी. कंपनीने त्याच आठवड्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना जाहीर केली. (स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती कर्मचाऱ्यांची.) महिनाअखेरपर्यंत अर्जावर सही करायची होती. हरिहरराव त्रेपन्न वर्षांचे. मुलगी इरा अजून शिकत होती. पण तीस वर्षं दुसऱ्यांचा माल तपासून त्यांना एक थकवा आला होता, आणि तो रविवारी झोपून जात नव्हता. सकाळी बाजार, दुपारी वामकुक्षी, आपणच आपले साहेब, असं एक चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे तरळू लागलं. त्यांनी ते चित्र पत्नीला सांगितलं.

स्वरूपावहिनी शाळेत गणित शिकवतात. त्यांनी चित्र शांतपणे ऐकून घेतलं.

"मी अडवणार नाही," त्या म्हणाल्या. "पण मिक्सर घ्यायला तुम्ही चार महिने लावलेत. मग आयुष्य बदलायला निदान चार रविवार लावा. एक विश्वासू क्लास शोधा. सापडला की करा सही. माझा शब्द."

हरिहररावांना अट आवडली. तपासणी म्हटलं की त्यांचा थकवा नाहीसा होतो. माल पुरवणाऱ्यांना विचारायचे प्रश्न त्यांनी क्लासच्या मापाने बेतून घेतले. शिकवणारा स्वतः काय करतो? त्याचा पुरावा काय? काय शिकवलं जातं? आणि शेवटचा, त्यांचा लाडका प्रश्न: नाकारलेला माल कुठे ठेवता? कारखान्यात बिघडलेले भाग लाल पेटीत कुलूपबंद ठेवावे लागतात. ज्या कारखान्यात लाल पेटी रिकामी, तिथे सगळा माल चांगला असतो असं नाही. तिथे वाईट मालही चांगल्यातच असतो, असा त्यांचा अनुभव होता. तेव्हा ज्यांना हे ट्रेडिंग जमलं नाही ते विद्यार्थी दाखवा, असं त्यांना प्रत्येक क्लासला विचारायचं होतं.

पहिला रविवार हिंजवडीचा. तिथल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये रविराज सरांचा मोफत सेमिनार होता. जयदीपनेच नाव सुचवलं होतं. हिंजवडीची वाहतूक कोंडी ही सेमिनारचाच भाग मानावी इतकी शैक्षणिक आहे. आत शिरणं सोपं, बाहेर पडणं आपल्या हातात नाही आणि शेजारची रांग नेहमी पुढे जाते. बाजाराबद्दल हरिहरराव पुढे जे काही शिकले, त्यातलं बरंचसं त्यांना सकाळीच भूमकर चौकात मोफत मिळालं होतं. पण त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

हॉलमध्ये धूर सोडला होता. त्यातून रविराज सर धावत आले. (धूर यंत्राचा, धावणं स्वतःचं.) वय तिशीच्या आत, डोळ्यांवर काळा चष्मा. हॉलमध्ये आधीच अंधार असल्यामुळे त्यांना फक्त भविष्य दिसत असावं.

"किती जणांना आपला बॉस आवडतो?" त्यांनी विचारलं.

एकही हात वर गेला नाही. इथून पुढचा पाऊण तास बॉस या विषयावर गेला. मग समुद्रकिनारे आले, मग एक आजारी वडील, मग पुन्हा समुद्रकिनारे. ट्रेडिंगचा उल्लेख संस्थेच्या नावात होता. शेवटी पडद्यावर सरांच्या कमाईचे स्क्रीनशॉट झळकले, एकेका महिन्याचा एक. आकडे हिरवे होते. हॉल श्वास रोखून पाहत होता. हरिहररावांनी हात वर केला.

"या सगळ्या महिन्यांत तुमच्या मोबाइलची बॅटरी सदतीस टक्केच कशी?"

वर कोपऱ्यात खरोखरच प्रत्येक महिन्यात सदतीस टक्के होते. रविराज सर हसले. त्यांनी चष्मा काढला आणि फार मायेने हरिहररावांकडे पाहिलं.

"मित्रांनो, यालाच म्हणतात नोकरदार मानसिकता. संधी समोर आहे, आणि माणूस बॅटरी बघतोय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हरिहररावांच्या शेजारच्या गृहस्थांनी तर उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि बसल्यावर आपल्या मोबाइलची बॅटरी किती आहे ते हळूच पाहून घेतलं. लाल पेटीचा प्रश्न विचारायचा राहिला. बाहेर पडताना दाराशी नावनोंदणीच्या टेबलामागे, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र घालून, जयदीप उभा होता. त्याने हरिहररावांना पाहिलं आणि तो पेन शोधायला टेबलाखाली गेला. बराच वेळ शोधत होता.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो स्वतःच जवळ येऊन बसला.

"सर, रागावू नका."

"गाडी मार्केटने दिली म्हणालास."

"खोटं न्हाई बोललो," जयदीप डब्यातली भाकरी कुस्करत म्हणाला. "मार्केटिंगनी दिलीय. ट्रेडिंगमदी माझं सगळं गेलं, सर. बापाला अजून सांगितलं न्हाई. सरांना सांगितलं तर ते म्हनले, माणसं आन, प्रत्येकामागं तुला हिस्सा देतो. मी आनली."

"मलाही त्यातच धरलंस?"

जयदीपने भाकरीचा आणखी एक तुकडा कुस्करला. हरिहररावांना खरं तर रागवायचं होतं, पण त्यांच्या लक्षात आलं की आपण शोधत असलेली लाल पेटी ही अशी समोर बसून भाकरी खाते आहे. त्यांनी आपल्या डब्यातलं लोणचं त्याच्याकडे सरकवलं.

दुसरा रविवार संत तुकाराम नगरातल्या उद्धवरावांचा. हे साठीचे, सज्जन, पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ. त्यांच्या पाटीवर नव्या रंगाखालून जुनी अक्षरं दिसत. आधी टायपिंग, त्यावर इंग्रजी संभाषण, त्यावर मुलांसाठी अ‍ॅबॅकस. शिक्षणक्षेत्रातला इतका थरांचा अनुभव आज दुर्मीळ आहे. इथे मात्र खरंच शिकवत होते. बाजारभावाच्या आलेखात जे उभे ठोकळे असतात त्यांना मेणबत्त्या म्हणतात आणि त्यांच्या आकारांना नावं असतात. ही नावं मुलं, माणसं आणि एक निवृत्त पोस्टमास्तर मिळून एका सुरात म्हणत होते: हातोडा, उलटा हातोडा, लटकलेला माणूस, तीन काळे कावळे. पाढे ऐकल्यासारखं प्रसन्न वाटत होतं. उद्धवरावांनी फळ्यावर मागच्या आठवड्याचा आलेख काढला आणि बाजार कुठे वर गेला, कुठे खाली आला आणि का, हे इतकं अचूक सांगितलं की हरिहरराव चकित झाले.

"आणि उद्या काय होईल?" त्यांनी विचारलं.

"उद्याचं परवा शिकवू," उद्धवराव म्हणाले.

"तुम्ही स्वतः ट्रेडिंग करता?"

"मी?" उद्धवरावांनी खडू खाली ठेवला. त्यांना मनापासून धक्का बसला होता. "अहो, संसारी माणूस आहे मी. मुलीचं लग्न व्हायचंय."

इतकं प्रामाणिक उत्तर हरिहररावांना कुठल्याही कारखान्यात मिळालं नव्हतं. त्यांनी उद्धवरावांशी हात मिळवला, पोस्टमास्तरांना नमस्कार केला आणि क्लास नाकारला.

तिसऱ्या रविवारी त्यांना कुठेच जायचं नव्हतं. अर्ज टेबलावर होता आणि महिना संपत आला होता. तेव्हा स्वरूपावहिनींनी सहज सांगितलं, की त्यांच्या शाळेतल्या एका बाईंची मोठी बहीण, अरुंधतीबाई, आपल्या मागच्याच सेक्टरमध्ये राहते. आयुष्यभर शेअर दलालाच्या कार्यालयात लोकांचे सौदे टाकायचं काम केलं, आता घरी शिकवते.

"पाटी कुठे दिसली नाही ती," हरिहरराव संशयाने म्हणाले.

"पाटी नाहीच लावली त्यांनी."

पाटी नसलेला क्लास म्हणजे परवाना नसलेला कारखाना, असं पुटपुटत हरिहरराव गेले. अरुंधतीबाईंनी दार उघडलं, पाणी दिलं आणि कागद मागण्याआधीच कागद समोर ठेवले. स्वतःच्या सौद्यांची, वर्षानुवर्षांची विवरणपत्रं. सुरुवातीच्या वर्षांत नुसता तोटा. मग थोडा कमी तोटा. मग थोडा नफा.

"बँकेच्या ठेवीपेक्षा जरा बरं चाललंय," बाई म्हणाल्या. "काही वर्षी ठेवच बरी होती, असं वाटतं."

"शिकवता काय?"

"पहिले सहा महिने पैसे लावायचे नाहीत. सौदा वहीत लिहायचा, काय झालं असतं ते बघायचं. बहुतेकांना इतकं कळतं, की बरं झालं लावले नाहीत."

हरिहररावांनी शेवटचा प्रश्न विचारला. "ज्यांना जमलं नाही, ते कुठे आहेत?"

"एक तुमच्या समोर बसलीय. पहिली कितीतरी वर्षं मीच ती होते," बाई म्हणाल्या. "चहा घेणार?"

तपासणीत काहीही खोट निघाली नाही. हरिहररावांच्या कारकिर्दीत असा प्रसंग आला नव्हता, त्यामुळे बाहेर पडल्यावर त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. पण काम चालू असताना पाहिल्याशिवाय कुणाला पास करायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणून त्यांनी बाईंचं एक व्याख्यान आमच्या क्लब हाऊसमध्ये ठेवायचं ठरवलं आणि रीतसर अर्ज केला. (अर्ज मीच मंजूर केला. खुर्च्यांचं भाडं आगाऊ घेतलं, कारण योगवर्गाचं अजून यायचं आहे.)

सूचना फलकावर लागली. दहा जण आले. निवृत्तीनंतर वर्तमानपत्र मोठ्याने वाचणारे साहेबराव होते. बी विंगच्या, भिशी चालवणाऱ्या कुसुमताई होत्या. चऱ्होलीहून जयदीपही आला होता आणि मागच्या खुर्चीवर मान खाली घालून बसला होता. धूर नव्हता. बाई धावत आल्या नाहीत, गुडघ्यांमुळे जरा हळूच आल्या.

"सेबी, म्हणजे या बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा," त्यांनी सुरुवात केली. "तिनं हिशेब काढलाय. फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे ज्याच्या जाहिराती तुम्ही दिवसभर बघता, त्यात दहापैकी नऊ जणांचे पैसे जातात. तुमच्या मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्येसुद्धा हे वाक्य येतं. तुम्ही त्याखालचं 'समजले'चं बटण दाबता आणि पुढे जाता."

यानंतर क्लब हाऊसमध्ये जे घडलं ते माणुसकीवरचा विश्वास वाढवणारं होतं. प्रत्येकाने इतर नऊ जणांकडे वळून अत्यंत सहानुभूतीने पाहिलं. साहेबरावांनी कुसुमताईंकडे पाहून सुस्कारा सोडला. त्याच क्षणी कुसुमताईही साहेबरावांसाठी सुस्कारा सोडत होत्या, त्यामुळे दोन्ही सुस्कारे मध्ये कुठेतरी एकमेकांवर आपटले.

साहेबरावांनी घसा साफ केला. "बाई, तो जो दहावा असतो, त्याची वेगळी बॅच आहे का?"

"नाही."

"मोबाइलवर टिप्स पाठवता का?" कुसुमताईंनी विचारलं. "हे घ्या, ते विका, असं?"

"नाही."

"सर्टिफिकेट?"

"नाही."

"मग महिन्याला साधारण किती सुटतील?"

"पहिल्या वर्षी तुमचे आहेत तेवढे राहिले, तर मी तुम्हाला हुशार म्हणेन," बाई म्हणाल्या. "आणि यासाठी नोकरी कोणी सोडू नका. बाजार पगार देत नाही. कधीकधी बक्षीस देतो, आणि पगार समजून खर्च केला की व्याजासकट परत घेतो."

हरिहरराव वहिनींशेजारी पहिल्या रांगेत होते. हे वाक्य कानावर पडलं तेव्हा ते आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे पाहत होते, आणि नंतर बराच वेळ पाहत राहिले.

व्याख्यान संपलं. बाई प्रामाणिक आहेत यावर एकमत झालं. नाव नोंदवण्याच्या आड मात्र काही तांत्रिक अडचणी आल्या. साहेबरावांचं म्हणणं पडलं की बाईंमध्ये आत्मविश्वास कमी वाटतो. कुसुमताई म्हणाल्या, फी इतकी कमी आहे म्हणजे काहीतरी असणार. ए विंगच्या एका गृहस्थांना बाई फार नकारात्मक वाटल्या. त्यांच्या पत्नीला क्लास घराच्या इतका जवळ असणं पटलं नाही, विद्येसाठी माणसाने थोडं लांब जावं. एकाने बाईंच्या घराखाली गाडी कोणती आहे याची चौकशी केली. दुचाकी आहे असं कळल्यावर ते न बोलता चहा घेऊन निघून गेले.

मी क्लब हाऊसच्या किल्ल्या परत घ्यायला पांगारकरांकडे गेलो, म्हणून पुढचा प्रसंग मला प्रत्यक्ष पाहता आला. (किल्ल्या दारातच मिळाल्या. पण आत पोहे होते.) टेबलावर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता, त्यावर पेन होतं. हरिहरराव समोर बसले होते. स्वरूपावहिनींनी त्यांच्यापुढे बशी ठेवली.

"झालं की," त्या म्हणाल्या. "विश्वासू क्लास सापडला. करा सही. माझा शब्द आहे."

"अगं, पण त्या तर म्हणतात नोकरी सोडू नका."

"ते त्यांचं म्हणणं. माझी अट क्लास सापडण्यापुरती होती."

हरिहरराव तपासणीच्या धंद्यात मुरलेले आहेत. कागदातला पेच त्यांना लगेच दिसतो. सही करायला विश्वासू माणूस हवा होता. विश्वासू माणूस मिळाला, तर तो म्हणाला सही करू नका. त्याचं ऐकलं नाही, तर तो विश्वासू कसला? आणि तो विश्वासू नसेल, तर सही कशाच्या जोरावर करायची? त्यांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.

"मला वाटलं होतं, आपण हुशार आहोत, आपल्याला जमेल," ते शेवटी हळू आवाजात म्हणाले. "थकलोय गं मी. बाकी काही नाही."

वहिनींनी खुर्ची जवळ ओढली. त्या शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "मग रजा घ्या. तुमची रजा किती साठलीय माहितेय? तेवढ्यात माणूस जग फिरून येईल. थकल्यावर रजा घेतात. ट्रेडर होत नाहीत."

हरिहररावांनी यावर विचार केला. एक माणूस थकला असता त्याने विश्रांती घ्यावी, हा उपाय त्यांना कोणत्याही सेमिनारमध्ये सुचवण्यात आला नव्हता. त्यांनी अर्ज दुमडून बाजूला ठेवला आणि पोह्यांवर लिंबू पिळलं. अर्जाची मुदत त्यानंतर यथावकाश संपली.

आता हरिहरराव आणि स्वरूपावहिनी दर शनिवारी संध्याकाळी अरुंधतीबाईंकडे जातात. जयदीपही येतो. त्याने वडिलांना सगळं सांगितलं. वडील दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "गाडी इक आन जेवाय ये." गाडी गेली. तो बसने येतो. तिघे वहीत सौदे लिहितात. वहिनींचा हिशेब पक्का आहे. हरिहररावांचा कागदावर भरपूर तोटा होतो, आणि ते विलक्षण आनंदात घरी येतात. "आज साफ बुडालो," असं जिन्यात भेटल्यावर हसत सांगतात. आठ दिवस ते कोकणातही जाऊन आले. तिथे हॉटेलवाल्याकडे त्यांनी पाण्याच्या टाकीचे कागद मागितल्याचं कळतं, म्हणजे तब्येत पूर्ववत आहे.

व्याख्यानाला आलेल्या बाकीच्या सात जणांनी मिळून रविराज सरांच्या वर्गात नाव घातलं. गटाने घेतल्यास सवलत होती.

ही सगळी हकीकत लोकशिक्षणासाठी उपयोगी पडेल, म्हणून मी ती लिहून सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. शेवटी अरुंधतीबाईंचा नंबर ठळक अक्षरांत दिला. प्रतिसाद उत्तम होता. हात जोडलेली चित्रं आली, 'डोळे उघडणारा लेख' असे शेरे आले, लेख शेजारच्या सोसायट्यांमध्येही गेला. बाईंना एकही फोन आला नाही. मला मात्र रोज येतात. लोक लेखाची मनापासून स्तुती करतात, बाईंचं कौतुक करतात, काळ कसा आला आहे म्हणून हळहळतात, आणि मग आवाज जरा खाली आणून विचारतात, "ते हिंजवडीचे सर म्हणालात ना... त्यांचा पुढचा सेमिनार कधी आहे? नाही, निव्वळ माहितीसाठी."

तुम्ही असं काही विचारणार नाही, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण तुमच्या एखाद्या मित्राला हवं असेल, तर सांगून ठेवतो: रविवारी, सकाळी दहाला. प्रवेश मोफत आहे, आणि लवकर गेलात तर पुढची खुर्ची मिळते.